सीसीटीव्हीत आज दिसला, पण तो आजच आलेला नाही

मागच्या अंकात विचारलं होतं की तुमच्या सोसायटीच्या, वाडीच्या आसपास रात्री-अपरात्री कोणते रानातले प्राणी दिसतात, आवाज येतात, ते कळवा. इतकी पत्रं आली की सगळ्यांना उत्तर देणं शक्यच नाही. बऱ्याच जणांचे प्रश्न सारखेच होते, म्हणून त्यातले काही निवडलेत. नावं कोणाचीच छापत नाहीये, कारण काही सोसायट्यांमध्ये यावरून आधीच भांडणं चालू आहेत.

प्रश्न : आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो, मागे नॅशनल पार्कचं जंगल. मागच्या आठवड्यात पहाटे सीसीटीव्हीत बिबट्या दिसला, मागच्या भिंतीवरून उतरला, पार्किंगमधून चालत गेला आणि परत भिंतीवरून गेला. तेव्हापासून ग्रुपवर नुसता गोंधळ आहे, मुलांना खाली पाठवत नाही कोणी. वनखात्याला पिंजरा लावा म्हणतोय तर ते लावत नाहीत. कमिटीवर सगळे चिडलेत. काय करावं?

दादा, आधी एक विचारतो, तो कॅमेरा मागच्या भिंतीवर कधी बसवला? कारण बिबट्या त्या वाटेने कदाचित तुमची बिल्डिंग उभी राहायच्या आधीपासून येत असेल, फक्त बघायला कॅमेरा नव्हता. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान साधारण 104 चौरस किलोमीटरचं, आणि तिन्ही बाजूंनी मुंबई आणि ठाणे. 2015 साली वन्यजीव संशोधक निकित सुर्वे यांनी वनखात्याबरोबर तिथे कॅमेरा ट्रॅप, म्हणजे प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे, लावून बिबटे मोजले, अंगावरचे ठिपके प्रत्येकाचे वेगळे असतात त्यावरून ओळखून, तेव्हा 35 निघाले. नंतरच्या मोजण्यांमध्ये आकडा त्याहून वाढलेलाच आहे. एवढे बिबटे, एवढीशी जागा, आणि कडेने लाखो माणसं राहतात, तरी वर्षातल्या बहुतेक रात्री काहीही होत नाही. तो रोज आपल्याला टाळतो म्हणून हे जमतं, आपल्याला पत्ताही नसतो.

तो येतो कशाला? कुत्र्यांसाठी. आणि कुत्री येतात कचऱ्यासाठी. उद्यानातल्या बिबट्यांच्या खाण्यात भटक्या कुत्र्यांचा वाटा मोठा आहे, 2018 च्या एका शोधनिबंधात तर अंदाज होता की हे बिबटे वर्षाला दीड हजाराच्या आसपास कुत्री खातात. म्हणजे तुमच्या मागच्या गेटपाशी उघडा कचरा पडत असेल, तिथेच कोणी रात्री कुत्र्यांना भात घालत असेल, तर बिबट्याला पण तिथेच ताट वाढून ठेवल्यासारखं आहे. सगळ्यात आधी कमिटीने हे बंद करावं, झाकणाचे डबे, कचरा संध्याकाळनंतर बाहेर नाही, कुत्र्यांचं खाणं दिवसा आणि पुढच्या बाजूला.

आता पिंजरा. वनखातं टाळाटाळ करतंय असं वाटतंय तुम्हाला, पण बिबट्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, त्याला पकडायला राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते, आणि नुसता दिसला म्हणून ती मिळत नाही. मिळूही नये, असं माझं ठाम मत आहे. कारण हे आपण करून बघितलंय. जुन्नरमध्ये 2001 पासून पुढची दोनतीन वर्षं उसातले बिबटे धरून लांबच्या जंगलात सोडले, आणि वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या अभ्यासात दिसलं की जिथे सोडले तिथे माणसांवरचे हल्ले वाढले. मुंबईतही 2002 ते 2004 मध्ये हल्ले खूप झाले, जुन्या लोकांना आठवत असेल, तेव्हाही इकडून तिकडून धरलेले बिबटे उद्यानात सोडणं चालू होतं. अनोळखी जागेत टाकलेला प्राणी गोंधळतो, परत आपल्या जागेकडे निघतो, वाटेत माणसं लागतात. आणि इकडे जो हलवला त्याची जागा रिकामी राहत नाही, दुसरा येतो, बरेचदा तरुण, ज्याला तुमच्या सोसायटीची सवयच नाही.

परत यायचं म्हणजे किती लांबून? 2009 साली नगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेल्या एका बिबट्याला रेडिओ कॉलर, म्हणजे तो कुठे आहे ते कळवणारा गळपट्टा, लावून माळशेज घाटात सोडलं, वय झालेला म्हणून त्याचं नाव आजोबा ठेवलं. हा गडी चालत चालत सव्वाशे किलोमीटरच्या आसपास अंतर कापून बोरिवलीच्या, म्हणजे याच उद्यानात पोचला, वस्त्या ओलांडत, रस्ते ओलांडत, आणि वाटेत माणसावर हल्ला केल्याची नोंद नाही. 2011 मध्ये हायवेवर गाडीच्या धडकेने मेला तो. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

पण म्हणून धोका नाहीच असं मी अजिबात म्हणत नाही. 2022 च्या दिवाळीत उद्यानाला लागून असलेल्या आरे कॉलनीत एक अगदी लहान मुलगी गेली, पहाटेच्या अंधारात. त्या घराचं दुःख कुठल्याही आकडेवारीने कमी होत नाही. म्हणून अंधार पडल्यावर लहान मुलं मागच्या बाजूला एकटी नकोत, अगदी बॉल आणायलासुद्धा. वॉचमन लोकांचं टॉयलेट मागे असेल तर तिथे नीट लाईट लावा आणि ते बंदिस्त करा, कारण उकिडवा बसलेला माणूस त्याला छोट्या जनावरासारखा दिसतो. पहाटे कचरा वेचायला, दूध टाकायला येणाऱ्यांनाही सांगा, सोसायटीच्या ग्रुपवर ते लोक नसतात आणि सगळ्यात जास्त उघड्यावर तेच असतात. समोर आलाच तर पळायचं नाही, वाकायचं नाही, मोठ्याने बोलत सावकाश मागे जायचं. आणि कुठे अडकला असेल, पार्किंगमध्ये, जिन्यात, तर 1926 या वनखात्याच्या हेल्पलाईनला फोन, आणि माणसं लांब ठेवायची. 2019 च्या फेब्रुवारीत ठाण्यातच एका मॉलच्या पार्किंगमध्ये बिबट्या दिसला होता, पुढे एका हॉटेलच्या तळघरात त्याला बेशुद्ध करून सुखरूप नेला. जमतं, पण लोकांनी जागा दिली तर.

आरेतल्या, येऊरच्या पाड्यांवर वारली लोक पिढ्यानपिढ्या राहतायत, तिथे वाघोबाची ठाणी आहेत, वाघबारसेला नैवेद्य दाखवतात. बिबट्याला पण ते वाघच म्हणतात. शक्य झालं तर ग्रुपवर व्हिडिओ फिरवण्यापेक्षा पाड्यावरच्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला सोसायटीत बोलवा, तो तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं सांगेल.

प्रश्न : मी मुलुंडला जुन्या बैठ्या चाळीत राहते, वय 68. रात्री माळ्यावर कोणीतरी चालल्यासारखा आवाज येतो, उंदीर नाही, जड पावलं आहेत. परवा कौलांवर मांजरापेक्षा मोठं काळं जनावर दिसलं, शेपटी लांबलचक. शेजारीण म्हणते तो मसण्याऊद, प्रेतं उकरतो, लहान मुलांना ओढून नेतो. घरात नात चार महिन्यांची आहे. झोप उडालीये.

काकू, नातीला काही होणार नाही, निवांत झोपा. तुम्ही जे सांगताय ते उदमांजर आहे. कोकणात कांडेचोर म्हणतात. अंग काळपट करडं, पाठीवर गडद रेघा, तोंडावर मुखवट्यासारखा पट्टा, आणि शेपटी जवळजवळ अंगाएवढी. मसण्याऊद म्हणून जे सांगतात ते जनावर वेगळं, ते जमीन उकरणारं, मुंबईच्या कौलांवर चढणारं नाही. पण नावातल्या "उद"मुळे सगळी भीती बिचाऱ्या उदमांजराच्या वाट्याला आलीये, पेपरात पण दर काही दिवसांनी विचित्र प्राणी आढळला, घबराट, अशी बातमी येते आणि फोटो बघितला की हेच असतं.

हे खातं काय तर फळं. पपई, जांभूळ, उंबर, चिकू, माडाच्या झाडावर ताडीच्या मडक्यात तोंड घालतं. जोडीला उंदीर, पाली, झुरळं, म्हणजे तुमच्या माळ्यावरचे उंदीर कमी झाले असतील बघा. बिया पोटातून जशाच्या तशा बाहेर पडतात, त्यामुळे उपनगरातली कितीतरी झाडं यांनीच लावलेली असणार. याची एक सवय आहे, ठरलेल्या उंच जागी शी करायची, भिंतीच्या टोकावर, टेरेसच्या कठड्यावर. तिथे बियांनी भरलेला ढीग दिसला की ओळखायचं. आणि कधीकधी मध्यरात्री वासाचा भात शिजतोय असा वास येतो का हो? येत असेल तर तोही त्याचाच. बंगालमध्ये तर याला या वासावरूनच गंधगोकुळ म्हणतात.

दिवसभर झोपायला त्याला ढोली लागते. जुनी झाडं, आंबे, वड, चिंचा तोडून आपण टॉवर बांधले, मग ते माळ्यावर, फॉल्स सीलिंगमध्ये, लिफ्टच्या खोलीत आलं. तुमच्या माळ्यावर आत्ता बारीक चीं चीं आवाज पण येत असेल तर पिल्लं आहेत असं समजा, आणि मग थोडे आठवडे कळ काढा, पिल्लं मोठी झाली की आई स्वतःच घेऊन जाते. धूर करायचा नाही, विष ठेवायचं नाही, आई मेली की पिल्लं आत मरतात आणि नंतरचा वास घरभर महिनाभर राहतो. पिल्लं नसतील किंवा गेली असतील तर रात्री ते बाहेर पडल्यावर भोकाला जाड जाळी ठोकून घ्या आणि कौलांना टेकलेल्या फांद्या थोड्या छाटा. एवढंच. जाळी ठोकायच्या आधी आत कोणी राहिलं नाही हे मात्र दोन रात्री तरी ऐकून खात्री करा.

आणि एक विनंती, बाळंतपणानंतरच्या दिवसात सुनेला शेजारणीच्या गोष्टी ऐकवू नका, तिला हे सगळं वाचून दाखवा.

प्रश्न : खारघरला राहतो. खाडीच्या बाजूला वॉकला जातो तिथे कोल्हे दिसतात, आधी वाटलं कुत्री आहेत. आता काही लोक त्यांना बिस्किटं, चिकन वगैरे घालायला लागलेत, रील बनवतात. मला बरं वाटत नाही पण बोललो तर म्हणतात प्राण्यांवर प्रेम करतोय. कोण बरोबर?

तुम्ही बरोबर आहात. ठाणे खाडीच्या दोन्ही बाजूंना, विक्रोळी-भांडुप-मानखुर्दपासून वाशीपर्यंत, आणि पुढे तुमच्या खारघरच्या खाडीकाठीही, तिवरांमध्ये म्हणजे खारफुटीत सोनेरी कोल्हे आहेत, नवीन नाहीत, पूर्वीपासून आहेत, संध्याकाळी कोल्हेकुई ऐकलेली माणसं या सगळ्या गावठाणांत सापडतील. चिखलातले खेकडे, मासे, उंदीर, पडलेली फळं यावर त्यांचं भागतं. भरतीला पाणी चढलं की कोरड्या जागेकडे सरकतात, आणि कोरडी जागा म्हणजे आता आपले वॉकिंग ट्रॅक आणि रस्ते. मधली मोकळी पट्टी आपण भरून टाकली म्हणून ते एकदम आपल्या दारात आल्यासारखे दिसतात.

खायला घालणं यासाठी वाईट की एकाच जागी कोल्हा आणि भटकी कुत्री समोरासमोर येतात, चावाचावी होते, आणि रोग इकडून तिकडे जातात. 2024 मध्ये चेंबूर-ट्रॉम्बे भागात काही कोल्ह्यांच्या तपासणीत रेबीज निघाला. म्हणजे हे काही पुस्तकी नाहीये. दिवसाढवळ्या अंगावर धावून येणारा, लडखडणारा, लाळ गाळणारा कोल्हा दिसला तर लांब राहा आणि लगेच 1926. कोणाला चावलाच तर पहिली गोष्ट, जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची, हळद-तेल काही लावायचं नाही, आणि त्याच दिवशी हॉस्पिटल, लस आणि रक्त आलं असेल तर सिरमसुद्धा, म्हणजे जखमेत द्यायचं रेबीजविरोधी इंजेक्शन. उद्या बघू असं या आजारात चालत नाही, कारण लक्षणं सुरू झाली की उपाय जवळजवळ नाहीच.

रील बनवणाऱ्यांना हे शांतपणे सांगा. त्यांचं प्रेम खरं असेल तर ते थांबतील, कारण माणसाच्या हाताला सोकावलेला कोल्हा फार दिवस जगत नाही, गाडीखाली येतो नाहीतर लोकं मारतात. आणि कोणी कोल्ह्याचं शिंग म्हणून घरात पैसा येतो असं सांगून काही विकायला आलं तर घेऊ नका, कोल्ह्याला शिंग नसतं, कातडी-हाडाचा तुकडा असतो तो, विकणं आणि बाळगणं दोन्ही गुन्हा.

प्रश्न : मी पुण्यात सातवीत आहे. कोथरूडमध्ये गवा आला होता तो मेला, असं आई सांगते. त्याला कोणी मारलं नव्हतं तर तो कसा मेला?

बाळा, खूप चांगला प्रश्न विचारलास. 9 डिसेंबर 2020 ची गोष्ट. सकाळी कोथरूडच्या एका सोसायटीत रानगवा दिसला, बहुतेक मुळशीकडच्या डोंगरातून वाट चुकून आला असावा. गवा दिसायला केवढा मोठा, पण स्वभावाने बुजरा, माणसाला बघून पळणारा. त्याला बघायला शेकडो लोक आले, मोबाईल घेऊन, ओरडत, मागे पळत. तो भिंतींवर धडकत, गल्ल्यांतून तासन् तास धावत राहिला. तोंडाला जखमा झाल्या. शेवटी बेशुद्ध करून धरला, पण तोपर्यंत उशीर झाला होता.

असं होतं की रानातला प्राणी प्रचंड घाबरून खूप वेळ पळत राहिला की त्याच्या अंगातली उष्णता वाढत जाते, स्नायू आतून तुटायला लागतात, त्यातून निघालेले विषारी पदार्थ रक्तात जातात आणि हृदय, किडनी बंद पडतात. बाहेरून कोणी काठी मारली नाही तरी तो मरतो. त्याला गर्दीने मारलं, हे मी तुला स्पष्टच सांगतो, कारण तू विचारलंस आणि तुला खरं कळायला पाहिजे.

पण पुढचं पण ऐक. त्याच महिन्यात 22 तारखेला बावधनजवळ दुसरा गवा आला. या वेळी पोलिसांनी आणि वनखात्याने लोकांना लांब अडवलं, रस्ते मोकळे ठेवले, गव्याला त्याच्या वेळेने जाऊ दिलं, आणि तो परत जंगलाकडे गेला. जिवंत. फरक फक्त लोकांच्या वागण्यात होता. तुझ्या वर्गात हे सांगशील का? सातवीतल्या मुलांनी सांगितलं की घरचे ऐकतात, असा माझा अनुभव आहे.

प्रश्न : बदलापूर. घरात रात्री भिंतीवर पट्टेवाला साप, मिस्टरांनी मारला. फोटो पाठवतेय, मण्यार आहे ना?

ताई, फोटोतला कवड्या आहे, बिनविषारी, पाली खायला भिंतीवर चढला होता. पट्टे मानेपासूनच सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यार काळीनिळी चकचकीत, पांढरे बारीक पट्टे बहुतेक जोडीजोडीने, डोक्यापासून थोडं अंतर सोडून सुरू होतात आणि शेपटीपर्यंत ठळक राहतात. पण हे वाचून कोणी जवळ जाऊन पट्टे मोजू नका. घरात साप दिसला की त्याच्यावर लांबून नजर ठेवायची आणि वनखात्याकडे नोंद असलेल्या सर्पमित्राला बोलवायचं, तेवढा धीर धरा, मारू नका, मारायला गेलं की माणूस जवळ जातो आणि तेव्हाच चावे होतात.

मण्यारीची भीती मात्र खरी आहे. ती रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, आणि दुखत नाही, सूज येत नाही, त्यामुळे कळतच नाही. पहाटे पोटात दुखतंय, पापण्या जड होऊन मिटतायत, बोलता येत नाहीये, असं झालं आणि चावल्याची खूण सापडली नाही तरी थेट सरकारी हॉस्पिटल गाठा, प्रतिविष तिथे मिळतं. दोरी आवळायची नाही, कापायचं नाही, मांत्रिक नाही. पावसाळ्यात खाली झोपणाऱ्यांनी मच्छरदाणी गादीखाली नीट खोचून झोपावं, डासही थांबतात आणि मण्यारही.

प्रश्न : आमच्या बिल्डिंगच्या डक्टमध्ये घुबडाने घर केलंय, पांढऱ्या तोंडाची तीन पिल्लं आहेत, रात्रभर फिस्स फिस्स आवाज करतात. सातव्या मजल्यावरचे काका म्हणतात अपशकुन आहे, हाकला. प्लंबरला बोलावलंय. काय करू? (डोंबिवली)

प्लंबरला आधी फोन करून थांबवा, मग पुढचं वाचा. हे गव्हाणी घुबड. पत्त्यातल्या बदामाच्या आकाराचं तोंड, पांढरं पोट. धान्याच्या कोठारांमध्ये राहायचं उंदरांसाठी, आता कोठारं नाहीत तर डक्ट. पिल्लांची फिस्स फिस्स म्हणजे भूक लागलीये, आईबाप रात्रभर उंदीर आणून घालतात. डक्टखाली काळपट गोळे पडले असतील, ते फोडून बघा, आत उंदरांची केसं आणि हाडं सापडतील, पचलं नाही ते असं ओकून टाकतात. काकांना तो गोळा दाखवा आणि विचारा की बिल्डिंगमधले उंदीर कमी करायला दुसरं कोण फुकट येणार आहे. लक्ष्मीचं वाहन म्हणून आपण ज्याची पूजा करतो त्याला अपशकुनी कसं म्हणायचं, हेही विचारा, नम्रपणे.

पिल्लं साधारण दोन महिन्यांत उडायला लागतात. तोपर्यंत डक्टचं काम नाही, आणि सोसायटीत उंदरांचं औषध टाकणं पण बंद, विष खाल्लेला उंदीर खाऊन घुबड मरतं. एखादं पिल्लू खाली पडलं आणि धड असेल तर खोक्यात कापड घालून डक्टच्या जवळच उंच ठेवा, आईबाप खायला घालतात. जखमी असेल तर 1926. दिवाळीच्या आधी जादूटोण्यासाठी घुबडं विकत घेणारे फिरतात, त्यामुळे फ्लॅट नंबरसकट फोटो ग्रुपवर टाकू नका. पिल्लं गेली की डक्ट साफ करून जाळी बसवा, आणि कमिटी तयार असेल तर टेरेसच्या सावलीच्या कोपऱ्यात एक मोठा लाकडी खोका उंच बसवून द्या, एका बाजूला घुबड आत जाईल एवढं भोक ठेवून. माप किती घ्यायचं, कुठल्या दिशेला तोंड करायचं यासाठी वेगळं पत्र टाका, पुढच्या अंकात चित्रासकट देतो.